मायक्रॉन किती ते नंतर विचार, फिल्टरच्या मागं काय आहे ते आधी बघ

वाळवा तालुक्यातल्या एका पोरानं विचारलंय. डिप्लोमा मेकॅनिकल, सध्या कुपवाड एमआयडीसीत फिल्टर हाउसिंगच्या फॅब्रिकेशनला आहे. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय, एक ओमानमधे समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर ऑपरेटर म्हणून आणि दुसरं तेलविहिरींवर फिल्ट्रेशनची सर्व्हिस देणाऱ्या कंपनीत. त्याचं म्हणणं असं की दोन्हीकडं फिल्टरच असतोय, ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कार्ट्रिज म्हणजे हाउसिंगमधे बसणारी बदलायची गाळणी) लावलं की पाणी स्वच्छ, मग फरक काय आणि जायच्या आधी नक्की काय शिकू?

भावा, उत्तर लांबणार आहे, निवांत वाच. मी मिरजेचा. आधी सहा वर्षं तेलाच्या रिगवर ब्राइन, म्हणजे जड खारं पाणी, गाळायला होतो, नंतर अकरा वर्षं आखातात डिसॅलिनेशन, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करायच्या, प्लांटवर काढली, आणि आता परत येऊन आपल्याच भागातल्या कारखान्यांचे आरओ बघतो. म्हणजे तुला ज्या दोन्हीकडं जायचंय तिथलं पाणी मी हातानं तपासलंय.

तुझ्या प्रश्नात '५ मायक्रॉन लावलं की पाणी स्वच्छ' हे जे वाक्य आहे ना, आधी ते सोडवूया, बाकी सगळं त्यातनंच निघतंय.

तासगावकडं कुणाच्याही द्राक्षबागेत जा. ड्रिपच्या हेडला काय असतंय? हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी काढणारा, मग सँड फिल्टर, मग डिस्क किंवा जाळी, आणि पुढं मागं दोन गेज. तो फिल्टर १२० मेशचा म्हणजे साधारण १३० मायक्रॉनचा असतो. १३०च का? कारण ड्रिपरची आतली वाट एक मिलिमीटरच्या आसपास, आणि फिल्टर त्या वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाचा ठेवायचा असा अंदाज असतो, म्हणजे दोन-तीन कण एकदम आले तरी अडकून कमान करणार नाहीत. म्हणजे बघ, तिथं पाणी 'स्वच्छ' करायचा प्रश्नच नाही, ड्रिपर वाचवायचाय. गढूळ पाणी गेलं तरी वेलीला चालतंय. फिल्टर कुठलाही असू दे, तो कुणाला तरी वाचवायला बसवलेला असतो. ड्रिपच्या मागं ड्रिपर आहे, डिसॅलिनेशनला मागं मेम्ब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा पातळ पडदा, आहे, आणि तेलविहिरीवर फिल्टरच्या मागं जमिनीखालचा दगड आहे. हे तीन वेगळे गडी आहेत आणि तिघांचं दुखणं वेगळं आहे. तुझ्या 'फरक काय' याचं उत्तर हेच.

आता मायक्रॉनचा आकडा. तुझ्या वर्कशॉपला जी पांढरी पीपी स्पनची कार्ट्रिज येतात त्यावर ५ मायक्रॉन लिहिलेलं असतं, ते बहुतेक नॉमिनल असतंय. नॉमिनल म्हणजे ५ मायक्रॉनच्या कणांपैकी 'बरेचसे' अडवणार, पण बरेचसे म्हणजे किती ते ज्यानं त्यानं ठरवायचं, कुणाचं ७० टक्के, कुणाचं ९०. अ‍ॅब्सोल्यूट वेगळं. तिथं बीटा रेशो देतात. फिल्टरच्या आधी त्या मापाचे किती कण होते भागिले नंतर किती राहिले, म्हणजे बीटा ५००० असेल तर पाच हजारात एकच कण निसटतो, ९९.९८ टक्के. दोन्ही कार्ट्रिजवर ५ च लिहिलेलं, दोन्ही बाहेरनं पांढरीच, किमतीत मात्र कितीतरी पटीचा फरक आणि कामात त्याहून जास्त. तू कुठंही गेलास तरी कार्ट्रिज हातात आलं की पहिला प्रश्न हा विचार, नॉमिनल का अ‍ॅब्सोल्यूट, आणि अ‍ॅब्सोल्यूट असेल तर बीटा किती. हे विचारणारं पोरगं दिसलं की समोरचा नीट बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की कर, तरंगणारं वेगळं आणि विरघळलेलं वेगळं. आपल्याकडं कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी काचेसारखं निवळ दिसतंय आणि चव मचूळ लागते. त्याला तू एक मायक्रॉनचं कार्ट्रिज लाव नाहीतर दहा लाव, चव तीच राहणार, कारण मीठ विरघळलेलं आहे, ते कार्ट्रिजच्या आरपार जातंय. लोक माझ्याकडं येतात आणि म्हणतात साहेब, फिल्टर बदलला तरी खारटच. तिथं आरओच पाहिजे.

आरओ कसं चालतं ते तुला तासगावच्या बेदाण्यावरून सांगतो. बेदाणा पाण्यात टाकला की रात्रभरात फुगतो. आत साखर दाट, बाहेर पाणी पातळ, साल मधे, पाणी आपोआप दाट बाजूला शिरतं. हे ऑस्मोसिस. आता उलटं करायचंय, दाट बाजूनं दाब देऊन पाणी पातळ बाजूला ढकलायचं आणि मीठ मागं ठेवायचं, म्हणून रिव्हर्स ऑस्मोसिस, आरओ. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आखातात ४०-४५ पर्यंत जातं, आणि साध्या समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक दाबच २७ बारच्या आसपास, त्याच्यावर मात करून पाणी काढायचं म्हणजे पंप ५५ ते ७० बारला चालवावा लागतो. गाडीच्या टायरमधे दोन-अडीच बार असतात, त्यावरनं अंदाज कर. एक हजार लिटर गोडं पाणी काढायला चांगल्या प्लांटला तीन-चार युनिट वीज लागते, आणि तेही बाहेर जाणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब एनर्जी रिकव्हरी डिव्हाइसनं परत वापरला तर, नाहीतर जवळजवळ दुप्पट.

(ही मेम्ब्रेन आली कुठनं, तर १९५९-६० च्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी ती तयार केली, आणि त्यावरचा पहिला आरओ प्लांट १९६५ ला कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात बसला. कोअलिंगा हे तेलाच्या फिल्डचंच गाव. तुझ्या दोन्ही नोकऱ्या एकाच गावात सापडतात बघ.)

पाण्याचा आवाका किती असतो तेही सांगतो. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती तुला आठवत असेल, आपण सगळे स्टेशनवर बघायला गेलो होतो. पन्नास टाक्यांच्या एका गाडीत साधारण २५ लाख लिटर पाणी. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० ला सुरू झालेला प्लांट आहे, तो दिवसाला १० कोटी लिटरचा, म्हणजे तसल्या चाळीस गाड्या रोज. आणि समुद्राच्या पाण्यातलं ४०-४५ टक्केच गोडं होऊन बाहेर येतंय, त्यामुळं त्याच्या दुपटीहून जास्त पाणी आधी उचलून, गाळून, मेम्ब्रेनच्या लायक करून द्यावं लागतं. तू ऑपरेटर म्हणून गेलास की तुझं निम्म्याहून जास्त आयुष्य या गाळण्यातच जाणार आहे, याला प्रीट्रीटमेंट म्हणतात. लोकांना मेम्ब्रेनचं कौतुक असतंय, पण प्लांट जगतो ते प्रीट्रीटमेंटवर.

मेम्ब्रेनचं एलिमेंट आठ इंच व्यासाचं, चाळीस इंच लांब, आत गुंडाळलेले पापुद्रे आणि त्यांच्या मधे जाळीची वाट, ती एक मिलिमीटरपेक्षा कमी. त्यात बारीक चिखल, शेवाळ, बॅक्टेरियाचा बुळबुळीत थर बसला की झालं, ते उलगडून ब्रश मारता येत नाही. म्हणून आधी जाळ्या, मग तुरटीसारखं काम करणारं फेरिक क्लोराइड, मग अँथ्रासाइट आणि वाळूचे मीडिया फिल्टर किंवा नव्या प्लांटला अल्ट्राफिल्ट्रेशन, आणि सगळ्यात शेवटी ते ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज. शेवटी, लक्षात घे. ते गोलकीपर आहे, बाकीचे दहा जण खेळलेच नाहीत तर एकटा गोलकीपर मॅच वाचवत नाही.

कार्ट्रिज एकटं का पुरत नाही? २०१९ च्या महापुरानंतरचं पाणी आठव. बादलीत रात्रभर ठेवलं तरी सकाळी चहासारखंच. त्यातले चिकणमातीचे कण एक मायक्रॉनपेक्षाही कितीतरी बारीक, सगळ्यांवर एकाच जातीचा विजेचा भार, एकमेकांना लांब ढकलत तरंगत राहतात, खाली बसतच नाहीत. तुरटी फिरवली की तो भार मारला जातो, कण एकमेकाला धरतात आणि गोळा होऊन बसतात. गुऱ्हाळावर बघितलं असशील, उसाचा रस उकळताना काहिलीत रानभेंडीचा चिकट रस घालतात, सगळी घाण गोळा होऊन मळी वर येते आणि गुळव्या झाऱ्यानं काढून टाकतो. त्या बारक्या घाणीला गाळायला कुठलंच कापड पुरलं नसतं, आधी तिला मोठी करावी लागते. हीच अक्कल प्लांटवर वापरतात. काही ठिकाणी तिला हवेच्या बुडबुड्यांवर तरंगवून वरनं काढतात, त्याला डीएएफ म्हणतात, गुऱ्हाळाच्या मळीसारखंच. आखातात २००८-०९ ला लाल शेवाळाची मोठी लाट आली होती, समुद्र लालसर, त्या वेळी बरेच प्लांट बंद ठेवायला लागले, कारण मीडिया फिल्टर तासातासाला चोक व्हायचे. त्यानंतर डीएएफकडं लोकांचा ओढा वाढला. आणि ओमानमधेच सूरला प्लांट आहे तो समुद्रातनं थेट पाणी घेत नाही, किनाऱ्यावर विहिरी मारून वाळूतनं झिरपलेलं घेतो. आपल्याकडं येरळेच्या कोरड्या पात्रात झरा उकरून बायका वाटीनं निवळ पाणी भरायच्या, तेच.

आता पाणी मेम्ब्रेनच्या लायक झालं का, हे डोळ्यानं कळत नाही. त्याला एसडीआय, म्हणजे सिल्ट डेन्सिटी इंडेक्स, ही टेस्ट असते आणि ती तुला झोपेत पण यायला पाहिजे. ४७ मिलिमीटरचा, ०.४५ मायक्रॉनचा गोल फिल्टर पेपर होल्डरमधे बसवायचा, ३० पीएसआय, म्हणजे साधारण दोन बार, दाब कायम ठेवायचा, आणि ५०० मिली पाणी भरायला किती सेकंद लागले ते मोजायचं. पाणी चालूच ठेवायचं. पंधरा मिनिटांनी परत ५०० मिली मोजायचं. पहिल्यांदा ३० सेकंद लागले आणि नंतर ४५, तर ३० भागिले ४५, ते एकातनं वजा, गुणिले १००, भागिले १५, उत्तर २.२. चांगलं पाणी. नंतर १२० सेकंद लागले तर उत्तर ५, ही मेम्ब्रेन कंपन्यांची साधारण शेवटची हद्द, तीनच्या खाली असावं असं म्हणतात. पण नुसता आकडा लिहून पेपर फेकू नकोस. मी पेपर सुकवून तारीख घालून वहीत चिकटवायचो. पिवळट तांबूस डाग म्हणजे लोखंड, बहुतेक वेळा आपणच घातलेलं फेरिक जास्त झालेलं असतंय. हिरवट आणि बोटाला चिकट म्हणजे शेवाळ. काळपट म्हणजे मीडिया फिल्टरमधनं अँथ्रासाइटची पूड येतेय किंवा कुठंतरी गंधकाचा प्रकार आहे. पहाटे साडेपाचला पंपरूममधे, सगळीकडं घूं घूं आवाज, हातात चिमट्यानं धरलेला तो रुपयाच्या जवळजवळ दुप्पट रुंदीचा ओला पेपर, आणि त्याच्या रंगावरनं तुला कळतं की आज दिवस कसा जाणार आहे. महिन्याभराचे पेपर ओळीनं लावले की समुद्राचा मूड दिसतो, हे कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही.

आता माझी एक चूक सांगतो, ती तू करू नकोस म्हणून. एका प्लांटवर कार्ट्रिजच्या हाउसिंगचा डीपी, म्हणजे पुढच्या मागच्या गेजमधला फरक, दर वेळी पाचेक आठवड्यांत ०.२ वरनं एक बारवर जायचा, मग आम्ही कार्ट्रिज बदलायचो. एकदा बदलल्यावर तो ०.२ वरच बसला. तीन आठवडे, चार आठवडे, हलायलाच तयार नाही. सगळे खुश, नवीन लॉट चांगला निघाला, खर्च वाचला. मीही खुश. सहाव्या आठवड्यात मेम्ब्रेनच्या पहिल्या रॅकचा डीपी चढायला लागला. हाउसिंग उघडलं तर वरची दाबून धरणारी प्लेट एका बाजूला सैल, त्या बाजूच्या पंधरा-वीस कार्ट्रिजच्या खालच्या ओ-रिंग बसलेल्याच नव्हत्या, आणि ट्यूबशीटच्या, म्हणजे कार्ट्रिज जिच्यात बसतात त्या भोकांच्या प्लेटच्या, स्वच्छ बाजूला त्या भोकांभोवती तपकिरी ओघळ. पाणी गाळलं जात नव्हतं, बगलेतनं पळत होतं. मेम्ब्रेनला केमिकल क्लीनिंग दिलं, पुढची काही एलिमेंट तरीही सुधारली नाहीत, बदलावी लागली. ते हाउसिंग बंद करताना चेकलिस्टवर सही माझी होती. मला ते अजून लागतं. त्या दिवसापासनं डीपी वाढला की मी काळजी करतोच, पण वाढायला पाहिजे तेव्हा वाढला नाही तर त्याहून जास्त करतो. द्राक्षवाल्यालाही हेच सांगतो, गेजमधला फरक महिनाभर शून्य दिसत असेल तर आधी डिस्क फुटलीय का बघ.

क्लोरिनचं थोडक्यात. समुद्राच्या पाण्याला शेवाळ मारायला क्लोरिन देतात आणि पॉलिअमाइड मेम्ब्रेनला तोच क्लोरिन खातो, म्हणून मेम्ब्रेनच्या आधी सोडियम मेटाबायसल्फाइटनं तो मारायचा असतो. तो डोसिंग पंप बंद पडला आणि इंटरलॉक, म्हणजे अशा वेळी प्लांट आपोआप थांबवणारी सोय, बायपास केलेला असला तर काही तासांत झालेलं नुकसान कुठल्याही क्लीनिंगनं भरून येत नाही. इंटरलॉक बायपास करायला कुणीही सांगितलं तर लेखी माग.

आता दुसरी नोकरी. तेलविहिरीवर 'फिल्ट्रेशन' म्हणजे एक काम नसतंय, किमान तीन वेगळी असतात आणि इंटरव्ह्यूला गेलास की आधी विचार, त्यातलं कुठलं.

एक म्हणजे वॉटर इंजेक्शन. बॉम्बे हाय १९७४ ला सागर सम्राट रिगनं शोधलं, तिथला दगड चुनखडीचा. अशा फिल्डमधनं तेल काढत गेलं की आतला दाब पडतो, मग समुद्राचं पाणी गाळून परत दगडात दाबायचं, दाब टिकतो आणि तेल विहिरीकडं ढकललं जातं. इथं वाचवायचाय दगड. दगडाच्या आतल्या वाटा काही मायक्रॉनच्याच. जुना ठोकताळा असाय की वाटेच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा कण तोंडावरच अडकतो आणि बाहेर थर धरतो, एक सप्तमांशापेक्षा बारीक असेल तर बहुतेक आरपार जातो, आणि मधला जो असतो तो आत शिरून अडकतो, तो सगळ्यात वाईट, कारण तोंडावरचा थर एकवेळ अ‍ॅसिडनं किंवा उलटा फ्लो देऊन निघेल, आत खोल बसलेला कुठनं काढणार. ड्रिपरचा सातवा हिस्सा आठवला का? हिशोबाची जात तीच, फक्त इथं ड्रिपर जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरवर आहे आणि बदलता येत नाही.

पण इथं नुसतं गाळून भागत नाही. समुद्राच्या पाण्यात सहा-आठ पीपीएम (दहा लाखात सहा-आठ भाग) ऑक्सिजन असतो, तो डीएरेशन टॉवरमधे आणि केमिकलनं काढून काही पीपीबीवर (अब्जात काही भाग) आणतात, नाहीतर पुढची लोखंडी पाइपलाइन गंजते, आणि तोच गंज कण होऊन दगडात जातो. प्लॅटफॉर्मच्या फिल्टरला पाणी एकदम मस्त आणि काही किलोमीटर पुढं विहिरीच्या तोंडाशी काळं, असं होतं. सॅम्पल विहिरीच्या तोंडाशी घ्यायची सवय लाव, फिल्टरच्या आउटलेटला पाणी चांगलं असणारच. शिवाय समुद्राच्या पाण्यात लिटरला २,७०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं, ते विरघळलेलं, फिल्टर त्याला बघतसुद्धा नाही. दगडातल्या मूळ पाण्यात बेरियम असेल तर दोघं मिळून बेरियम सल्फेटचा दगडी थर धरतात जो अ‍ॅसिडलाही दाद देत नाही. म्हणून काही फिल्डला नॅनोफिल्ट्रेशन मेम्ब्रेन लावून सल्फेट आधीच काढतात. म्हणजे तेलाच्या कामावर पण शेवटी मेम्ब्रेन आलीच, आणि तिच्या आधी परत एसडीआय.

दुसरं काम कंप्लिशन फ्लुइडचं, आणि हे मी केलंय. विहीर खणून झाली की ड्रिलिंगचा चिखल काढून आत जड खारं पाणी, ब्राइन, भरतात, म्हणजे दाब धरला जातो आणि तेलाच्या थराला चिखल लागत नाही. कॅल्शियम क्लोराइड साध्या पाण्याच्या १.३९ पटीपर्यंत जड करता येतं, कॅल्शियम ब्रोमाइड १.७ पर्यंत, झिंक ब्रोमाइड घातलं की त्याच्याही वर. हे ब्राइन महाग, फेकायचं नसतंय, गाळून गाळून परत वापरायचं असतं. तिथं डीई प्रेस असतो. साखर कारखान्यातला जुना फिल्टर प्रेस बघितला असशील, प्लेटी ओळीनं आणि त्यावर कापड, तसाच. डीई म्हणजे डायटोमेशियस अर्थ, सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची पांढरी पावडर. गाळायचं काम कापड करत नाही, कापडावर बसलेला या पावडरीचा थर करतो. हजार स्क्वेअर फुटाच्या प्रेसला साधारण शंभर पौंड, म्हणजे पन्नास पौंडाच्या दोन गोण्या, कधी तीन, पाण्यात कालवून आधी फिरवायच्या. सुरवातीला साइट ग्लासमधे दूध दिसतं. मग ताकाइतकं पातळ होतं. मग धूसर. आणि एका क्षणाला पलीकडचं बोट स्वच्छ दिसतं, तेव्हा व्हॉल्व्ह वळवून लाइन क्लीन टँकवर घ्यायची. या मधे फ्लो तुटला तर खल्लास, थर कापडावरनं गळून खाली पडतो आणि सगळं परत पहिल्यापासनं. पंपवाल्याकडं आणि व्हॉल्व्हवाल्याकडं एकमेकांचं तोंड दिसेल असं उभं राहायला लागतं. पुढं थोडी थोडी पावडर सोबत सोडत राहायची म्हणजे थर सच्छिद्र राहतो, आणि प्रेसच्या मागं २ मायक्रॉन अ‍ॅब्सोल्यूट कार्ट्रिज, प्रेसमधनं निसटलेली पावडर पकडायला. इथं कुणी नॉमिनल लावलं तर ती पावडरच तेलाच्या थरात जाऊन बसते, ज्याला वाचवायचं त्यालाच आपण मारतो.

त्या पावडरीबद्दल गंभीरपणे सांगतो. भाजलेल्या डीईमधे क्रिस्टलाइन सिलिका असते, फुफ्फुसात गेली की कायमची. गोणी फोडताना तोंडाला रुमाल बांधून चालत नाही, नीट रेस्पिरेटर पाहिजे, आणि वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं. झिंक ब्रोमाइड कातडीवर पडलं की भाजतं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. आणि कुठलंही हाउसिंग उघडताना, तू ती स्वतः बनवतोस म्हणून तुला जास्त कळेल, आधी आयसोलेट, मग व्हेंट, मग ड्रेन, गेज शून्यावर असलं तरी व्हेंट उघडं ठेवूनच बोल्ट सैल करायचा, कारण गेजचं तोंड चोक झालेलं असू शकतं.

तिसरं काम प्रोड्यूस्ड वॉटर, तेलाबरोबर वर येणारं पाणी. जुन्या फिल्डमधे तेलापेक्षा पाणीच जास्त निघतं, कितीतरी पटीनं. त्यातलं तेल हायड्रोसायक्लोननं, बुडबुड्यांवर तरंगवून, आणि अक्रोडाच्या कवचाच्या भरडीचे फिल्टर लावून काढतात. कवच का, तर तेल त्याला चिकटतं आणि घासून धुतलं की सुटतंही, वाळूतनं ते तसं सुटत नाही. उत्तर समुद्रात पाणी सोडायचं असेल तर लिटरमागं तेल ३० मिलिग्रॅमच्या आत लागतं. ओमानमधे निम्रला तर असल्या पाण्यासाठी वाळवंटात बोरूचं बेट केल्यासारखी मैलोनमैल तळी केलीत, दिवसाला एक लाख घनमीटरपेक्षा जास्त पाणी त्यातनं जातं, ओमानला गेलास आणि कधी संधी मिळाली तर आवर्जून बघ. या कामात हायड्रोजन सल्फाइडचा गॅस असू शकतो, डिटेक्टर शर्टला लावल्याशिवाय सॅम्पल पॉइंटला हात लावायचा नाही.

आता तुझं, कुठं जाऊ. लग्न व्हायचंय, घरी आई एकटी आहे असं लिहिलंयस, त्यामुळं माझं मत सरळ सांगतो, पहिली तीन वर्षं डिसॅलिनेशनला जा. तिथं रोज तेच पाणी, तीच मशिनरी, त्यामुळं पाण्यातला बदल ओळखायला डोळा तयार होतो. रिगवर पैसे जास्त आणि अनुभव झणझणीत, पण दर कामाला नवी विहीर, नवं ब्राइन, घाईत सगळं, तिथं शिकवायला कुणाला वेळ नसतो, आधी तयार होऊन जावं लागतं. समुद्रात प्लॅटफॉर्मवर जायचं तर बोसिएटचं, म्हणजे समुद्रातल्या सुरक्षेचं, ट्रेनिंग पण लागेल, त्यात हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं ते शिकवतात, पोहता येत नसेल तर कृष्णेत नको, आधी तलावावर रीतसर शीक. आणि ओमानची ऑफर एजंटकडनं आली असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.

जायच्या आधी शिकायचं म्हणशील तर तीन गोष्टी. एसडीआय हातानं करायला आणि त्याचा हिशोब तोंडी करायला. पंपाची कर्व्ह, म्हणजे किती दाबाला किती पाणी देतो तो आलेख, वाचायला, किर्लोस्करवाडी शेजारी असून आपल्या पोरांना ती वाचता येत नाही हे मला बघवत नाही. आणि लॉगशीट भरायला, म्हणजे फक्त आकडे न लिहिता कालच्या आकड्याशेजारी लिहायला. बाकी स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर तिथं गेल्यावर पंधरा दिवसांत येतं.

एसडीआयचं किट माझ्याकडं आहे, पेपरचा डबा पण आहे. तुमच्या गावच्या पाण्याच्या एटीएमचा आरओ दर चार महिन्यांनी मेम्ब्रेन खातोय असं तूच लिहिलंयस, तर रविवारी सकाळी ते घेऊन येतो, सरपंचांना सांगून प्लांट चालू ठेवायला लाव. सँड फिल्टरच्या आधी एक, कार्ट्रिजच्या आधी एक आणि नंतर एक, असे तीन पेपर तू स्वतः काढ आणि मला रंग सांग.